‘समजलं का?’ हे विचारणं आम्ही का सोडलं

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

दुपारची वेळ आहे. कोणी लसूण सोलत असेल, कोणी धान्य पाखडत असेल, कोणी नुकतीच शेतावरून येऊन टेकली असेल. हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या.

आज शिकवण्याबद्दल बोलायचं आहे. शाळेतलं शिकवणं नव्हे. गटात आपण एकमेकींना जे शिकवतो ते. वही कशी लिहायची, व्याज कसं काढायचं, बँकेत काय बोलायचं, शेळीला लस कधी द्यायची. हे शिकवणाऱ्या आमच्यासारख्या आता गावोगाव आहेत. कोणी सीआरपी ताई आहे, कोणी ग्रामसंघाची पदाधिकारी, कोणी आमच्यासारखी समन्वयक. पण आपण शिकवतो ते कोणत्या विचारानं, हे आपल्याला कोणी विचारत नाही, आणि आपणही स्वतःला विचारत नाही.

खरं तर आम्हाला एकदा विचारलं होतं. एका प्रशिक्षणात एक फॉर्म दिला होता. त्यात एक रकाना होता, ‘प्रशिक्षक म्हणून आपली भूमिका’. पहिल्या रांगेतल्या ताईनं लिहिलं, ‘महिलांचे सक्षमीकरण करणे’. तिचं बघून दुसरीनं तेच लिहिलं आणि चहा यायच्या आत सगळ्या खोलीत एकच भूमिका झाली. आम्हीही तेच लिहिलं. फॉर्म जमा झाले आणि विषय संपला.

मग एका गटात जे घडलं त्यानं आम्हाला तो रकाना पुन्हा उघडायला लावला. चूक आमची आहे. ती रेडिओवर सांगायची का, यावर आमच्यात बराच वाद झाला. शेवटी ठरलं की सांगायची. गटाचं आणि गावाचं नाव तेवढं सांगत नाही.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातला तो गट. तिथल्या एका मावशीनं भाताच्या खर्चासाठी आणि दोन शेळ्यांसाठी दहा हजार रुपये अंतर्गत कर्ज घेतलं. व्याज दोन रुपये शेकडा, दर महिन्याला हजार रुपये मुद्दल फेडायचं, दहा हप्ते. आता तुम्हीच हिशोब करा. पहिल्या महिन्याला दहा हजारांवर दोनशे रुपये व्याज. दुसऱ्या महिन्यात अंगावर नऊ हजारच राहिले, म्हणजे व्याज एकशे ऐंशी. मग एकशे साठ, एकशे चाळीस, असं उतरत उतरत शेवटच्या महिन्यात वीस. दहा महिन्यांचं मिळून व्याज होतं १,१०० रुपये. त्या गटात मात्र दर महिन्याला दोनशेच घेतले जात होते. तसंच शेवटपर्यंत चाललं असतं तर मावशीकडून २,००० रुपये गेले असते. नऊशे रुपये जास्त.

वही लिहिणाऱ्या ताईनं हे मुद्दाम केलं नव्हतं. तिला आम्हीच शिकवलं होतं. एका दिवसाच्या प्रशिक्षणात आम्ही फळ्यावर नमुना म्हणून कर्ज खतावणीची एकच ओळ लिहून दाखवली होती. मुद्दल एक हजार, व्याज दोनशे, एकूण बाराशे. वेळ कमी होता. ‘पुढच्या ओळी अशाच भरत जा’ असं आम्ही म्हणालो. ‘अशाच’ म्हणजे रीत तीच, आकडे तेच नव्हेत, असं आमच्या मनात होतं. तिनं आकडे तेच भरले. सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड नाही. शेवटी आम्ही विचारलं होतं, ‘समजलं का?’ वीस-पंचवीस जणी होत्या. सगळ्यांनी मान हलवली होती, आणि आम्ही खूश होऊन गाडी धरली होती.

आमचं मन सगळ्यात जास्त खातं ते पुढच्या गोष्टीला. चौथ्या हप्त्याच्या बैठकीला आम्ही स्वतः तिथं बसलेलो होतो. मावशी शाळेत कधी गेलेली नाही. ती म्हणाली, “ताई, शेजारणीकडून दहा पायल्या भात उसना आणला आणि तीन पायल्या परत केला, तर अंगावर सातच राहिला ना? मग तुम्ही दहाचंच का धरता?” आम्हाला पुढच्या वाडीतली बैठक गाठायची होती. वहीत न बघताच आम्ही म्हणालो, “मावशी, वहीत तसंच असतं.” ती गप्प बसली. बाकीच्याही गप्प बसल्या. एका बाईनं बरोबर प्रश्न विचारला होता आणि शिकलेल्या बाईनं तिला वहीचा धाक घालून गप्प केलं.

आठव्या हप्त्यानंतर बँकेच्या कर्जाची फाईल करताना आम्ही रकान्यांची बेरीज घातली, तेव्हा चूक दिसली. तोवर मावशीनं १,६०० रुपये व्याज भरलं होतं. भरायला हवे होते १,०४०. तिचे ५६० रुपये जास्त गेले होते, आणि त्या वर्षी कर्ज घेतलेल्या बाकीच्या पाच जणींचंही तसंच झालं होतं. पैसे कुठं बाहेर गेले नव्हते. गटाच्याच खात्यात होते. दोन बैठकांमध्ये सगळ्यांचे परत केले. मावशीनं नोटा मोजून घेतल्या, ‘बरं झालं’ म्हणाली आणि कमरेला लावल्या. त्या दिवशी तिनं आम्हाला बोल लावला असता तर बरं वाटलं असतं.

पण त्या सहा जणींतली एक तरुण मुलगी होती. तिनं शिलाई मशीन आणि कापडासाठी वीस हजार घेतले होते. दर महिन्याला दोन हजार मुद्दल आणि चारशे व्याज. पाच हप्ते तिनं ओढले. व्याज कमीच होत नाही असं दिसल्यावर घाबरली. कानातलं मोडून उरलेले दहा हजार एकदम भरले आणि गट सोडला. तिचे चारशे रुपये जास्त गेले होते. ते घेऊन आम्ही तिच्या घरी गेलो. तिनं चहा केला. पैसे घेतले. गटात ये म्हटलं तर म्हणाली, “बघू.” ती अजून आलेली नाही.

त्यानंतर आम्ही शिकवणाऱ्या सगळ्या जणी एक दिवस घोडेगावला एकत्र बसलो. नवीन पुस्तिका काढायची, नवीन तक्ते करायचे, अशा सूचना आल्या. आमच्यातली एक म्हणाली, तक्ते राहू द्या. तुम्हाला जे काम सगळ्यात चांगलं येतं, ते तुम्हाला कोणी शिकवलं आणि कसं शिकवलं, ते आधी सांगा.

मग जे निघालं ते ऐकण्यासारखं होतं. कोणी आवणी सांगितली. चिखलात आईच्या शेजारी उभं राहून रोपं लावायची, आईची ओळ सरळ आणि आपली वाकडी. आई काही बोलायची नाही. पुढं जाताना आपलं उपटलेलं रोप पुन्हा रोवून जायची. कोणी भाकरी सांगितली. आत्यानं हातावर हात ठेवून थापून घेतली. हिरडा गोळा करणारी एक म्हणाली, ओला हिरडा वाळल्यावर किती भरेल हे आजीनं कधी सांगितलं नाही. दर वेळी टोपली हातात देऊन विचारायची, “सांग किती होईल?” चुकलं की हसायची, आणि वाळल्यावर पुन्हा तीच टोपली हातात द्यायची. त्या दिवशी एकीनंही ‘मला फळ्यावर लिहून शिकवलं’ असं सांगितलं नाही. आणि आम्ही सगळ्या फळ्यावर लिहून शिकवत होतो. का? तर शाळेत आम्हाला तसं शिकवलं म्हणून. आम्ही बी.ए. झालो ते गाईड पाठ करून. लिहून घ्या, पाठ करा, तसंच्या तसं उतरवा. वही लिहिणाऱ्या ताईनंही आमच्याकडून तेच तर उचललं.

या विषयावर आपल्याकडं फार पूर्वी विचार झालेला आहे, तो थोडा सांगतो. १८८२ साली इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. सावित्रीबाई आणि त्यांनी पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढली, हे आपण दर ३ जानेवारीला ऐकतो. पण हे निवेदन फारसं कोणी सांगत नाही. त्यात त्यांनी म्हटलं होतं की खेड्यातले शिक्षक जमेल तिथं शेतकरी वर्गातूनच तयार करावेत. कारण ते लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील आणि वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला लाजणार नाहीत. मुलांना मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशोब आणि शेतीची प्राथमिक माहिती द्यावी, असंही त्यात आहे. आज आपली सीआरपी ताई गटातूनच येते, हा विचार इतका जुना आहे. फक्त आमचं असं झालं की गटातून आलो, प्रशिक्षण घेतलं, बॅग मिळाली आणि मग बैठकीत आम्हाला खुर्ची द्यायला लागले. आम्हीही बसायला लागलो. समोर बाया खाली सतरंजीवर आणि आम्ही वर. खुर्चीवर बसलेल्या बाईला कोण म्हणेल, मला नाही समजलं?

दुसऱ्या दोन बायका सांगतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाईंनी १९४५ साली डहाणूजवळ बोर्डीला ग्राम बाल शिक्षण केंद्र सुरू केलं, पुढं ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई सुरुवातीपासून त्यांच्याबरोबर होत्या. लहानपणी लग्न, लगेच वैधव्य, तिथून शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई. भोवती वारल्यांचे पाडे. शाळा काढली तरी मुलं येईनात. आता एखादी म्हणाली असती, या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. आम्हीही म्हणतो की, ‘या गटाला शिकायचंच नाही’. या दोघींनी तसं म्हटलं नाही. शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. त्यातूनच अंगणवाडी हा शब्द आला. सरकारच्या अंगणवाड्या १९७५ नंतरच्या. आणि जी मुलं गुरं घेऊन रानात जायची, त्यांच्यासाठी कुरणात शाळा भरवली. तिला कुरणशाळा म्हणत. महागडी साधनं नव्हती, तर बिया, खडे, शिंपले, पानं घेऊन मोजायला शिकवलं.

बालवाडीचं आणि बायांच्या गटाचं शिकवणं सारखं नसतं, हे आम्हाला कळतं. चाळीस वर्षांच्या बाईला लहान मुलीसारखं वागवलं तर ती उठून जाईल आणि बरोबर करेल. पण शिकणारी येत नाही तर जागा बदला, साधन बदला, हा हिशोब आम्हाला पटला.

आम्ही मावशीच्या गटात परत गेलो. या वेळी हिरडे घेऊन. सतरंजीवर मधोमध दहा हिरडे ठेवले. एक हिरडा म्हणजे हजार रुपये. एका हिरड्याचं महिन्याचं भाडं वीस रुपये. दर महिन्याला एक हिरडा गटाच्या डब्यात परत टाकायचा आणि सतरंजीवर जेवढे उरले तेवढ्यांचंच भाडं द्यायचं. दुसऱ्या फेरीलाच सगळ्या तोंडी सांगायला लागल्या. नऊचे एकशे ऐंशी, आठचे एकशे साठ. ज्यांना वाचता येत नाही त्याच आधी सांगत होत्या, कारण बाजाराचा हिशोब त्या रोज मनातच करतात. वही त्यानंतर उघडली. वही लिहिणारी ताई रडवेली झाली होती. मावशी तिच्या शेजारी सरकून बसली आणि म्हणाली, “मी सांगते, तू लिही.”

तेव्हापासून त्या गटात कर्जदार बाईच आधी आपली बाकी तोंडी सांगते आणि मग वहीतलं वाचतात. दोन्ही जुळलं तर पुढं जायचं. आम्हीही ‘समजलं का?’ विचारत नाही. त्याला सगळ्या हो म्हणतात. सुना तर सासूसमोर हो म्हणतातच, आणि सासवा सुनांसमोर त्याहून मोठ्यानं. आम्ही म्हणतो, “आता हे शेजारणीला सांगा, आम्ही ऐकतो.” सांगताना जिथं अडतं तिथं आमचं शिकवणं कमी पडलेलं असतं.

हे सगळं आम्ही मोठ्या उत्साहात पूर्वेकडच्या गटांना सांगायला गेलो, तर तिथं आमची फजिती झाली. नारायणगावच्या बाजूला टोमॅटोची तोडणी चालू होती. तिथं शिकवणारी आमच्यातली एक आक्का आहे, कडक. ती म्हणाली, “तुमचे हिरडे तुमच्याकडं ठेवा. माझ्या बाया चाळीस मिनिटांसाठी येतात. त्यांना बिया मांडून दाखवल्या तर म्हणतील, आम्हाला खेळवता काय?” ती बाजाराची पावतीच मध्ये ठेवते. किती क्रेट गेले, भाव काय लागला, गाडीभाडं किती गेलं, हातात काय आलं. त्यावरून नफा, त्यावरून हप्ता, त्यावरून व्याज. प्रत्येक हिशोब तीन वेळा करून घेते, तीन वेगळ्या जणींकडून. चुकलं की ओरडतेसुद्धा. आम्हाला तिचं ओरडणं पटत नाही, तिला आमचे हिरडे पटत नाहीत. पण तिच्या गटांच्या वह्या बिनचूक असतात हे मान्य करायला हवं.

तिची आणखी एक गोष्ट आम्ही उचलली. ती बैठक दुपारी चारला सुरू करते आणि साडेपाचला संपवतेच, काही राहिलं तरी. उसातून घरी जायचं असतं, बिबट्याची भीती असते. अंधार पडायला लागला की बाईचं अर्धं लक्ष वाटेवर असतं. तिच्या मते शिकवणं वेळ ठरवण्यापासून सुरू होतं. आम्ही पूर्वी आमच्या गाडीच्या सोयीनं वेळ ठेवायचो.

शेवटी आम्ही तो जुना रकाना पुन्हा भरला. या वेळी एकमेकींचं न बघता, आणि ‘करणे’, ‘साधणे’ असले शब्द न वापरता. आपण रोज बोलतो तसं. प्रत्येकीनं तीनच गोष्टी सांगायच्या. मी शिकवते तेव्हा काय नक्की करते, काय कधीच करणार नाही, आणि का. आक्कानं लिहिलं की ती बाईला रिकाम्या वेळेत नाही, कामाच्या वेळेत शिकवते, म्हणून एक मिनिटही वाया घालवणार नाही. एका ताईनं सांगितलं की ती पहिली पंधरा मिनिटं काहीच शिकवत नाही, फक्त विचारते. कारण ती स्वतः सून म्हणून आली तेव्हा तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. वही लिहिणाऱ्या त्या ताईनं लिहिलं की ती नमुन्याची एक ओळ कधीच देणार नाही, तीन देईल. आणि आम्ही लिहिलं की बैठकीत आलेल्या प्रश्नाला ‘वहीत तसंच असतं’ हे उत्तर देणार नाही, गाडी चुकली तरी चालेल. मागच्याच महिन्यात एकदा चुकली. त्या रात्री गटातल्या एका काकूंकडं मुक्काम केला.

आता असा कागद लिहून काय होतं, असं तुम्ही म्हणाल. दर महिन्याला तो काढून बघायचा. जे लिहिलं तसं वागलो का? नसेल वागलो तर वागणं बदलायचं किंवा कागद. आमच्यातल्या तिघींनी दोन महिन्यांत कागद बदलले. १९९२ साली नाबार्डनं देशात ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून बँक आपली वही बघून कर्ज देत आली आहे. ती वही कशी शिकवली गेली हे बँक बघत नाही. ते आपल्यालाच बघावं लागणार.

तर पुढच्या बैठकीत तुमच्या गटात एवढं करा. पंचसूत्रीचा सगळा कारभार आटोपल्यावर प्रत्येकीला विचारा, तुला सगळ्यात चांगलं काय येतं आणि ते कोणी कसं शिकवलं. घाई करू नका. एका बैठकीत चार जणींचं झालं तरी पुरे. मग वही उघडा आणि ज्यांच्या अंगावर कर्ज आहे त्यांनी वही न बघता आपली बाकी आणि या महिन्याचं व्याज सांगायचं. जुळलं नाही तर कोणावरही चिडू नका, मागच्या सगळ्या ओळी तपासा. जास्त घेतलं गेलं असेल तर त्याच बैठकीत ठराव करून इतिवृत्तात लिहा आणि परत करा. ज्या गट सोडून गेल्या त्यांच्याही ओळी तपासा.

आणि ज्या शिकवतात त्यांनी आपला कागद लिहून प्रभागसंघाच्या मासिक बैठकीला आणावा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करून आणा, आपण सगळ्या मिळून ऐकू. टोमॅटोच्या पट्ट्यातल्यांनी बाजाराच्या पावत्या आणाव्यात. हिरडे आम्ही आणतो.